दोन दिवसांत क्वांटम: हॅकेथॉनच्या पोरांना नेमकं काय शिकवायचं

नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मॅडमनी विचारलंय की त्यांच्याकडे पुढच्या महिन्यात ३६ तासांचं हॅकेथॉन आहे, त्यात यंदा पहिल्यांदाच क्वांटमचा (म्हणजे क्वांटम कम्प्युटिंगचा) ट्रॅक ठेवलाय, साठेक पोरं-पोरी आहेत सेकंड आणि थर्ड इयरची, बरीचशी कॉम्प्युटर-आयटीची, थोडी ईएनटीसीची (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम), आणि त्याआधी फक्त दोन दिवसांचं ट्रेनिंग बसवता येतंय. तर त्यात काय घ्यायचं, कुठलं टूल वापरायचं, आणि प्रोजेक्ट कसले करायला सांगायचे.

मॅडम, मी गेली काही वर्षं अशा बॅचेस घेतोय, नाशिकला आणि आजूबाजूला, तर माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं का म्हणतोय ते कळेल. या दोन दिवसांत पोरांना एकच सवय लावा: सर्किट रन करायच्या आधी उत्तर कागदावर लिहायचं (क्वांटम बिट म्हणजे क्युबिट, त्याच्यावर करायची एकेक क्रिया म्हणजे गेट, आणि ओळीने लावलेल्या गेटचा प्रोग्रॅम म्हणजे सर्किट). बाकी सगळं या एका सवयीभोवती बसवा. कारण काय होतं, तयार कोडची नोटबुक कॉपी करून चालवायला कुणालाही जमतं, हिस्टोग्राम (कुठलं उत्तर किती वेळा आलं त्याचा दांड्यांचा आलेख) येतो, दोन उंच दांड्या दिसतात, पोरं खूश होतात, आणि तो हिस्टोग्राम बरोबर आहे का चूक हे त्या खोलीत कुणालाच सांगता येत नाही. साध्या प्रोग्रॅममध्ये प्रिंट टाकून मधली व्हॅल्यू बघता येते, इथे खऱ्या मशीनवर मधे बघितलं की अवस्थाच मोडते, त्यामुळे आधी अंदाज बांधायची सवय नसेल तर पोरगं हॅकेथॉनच्या रात्री दोन वाजता पूर्ण अडकतं. आणि तीन क्युबिटपर्यंतचं काहीही हाताने करता येतं, एकूण आठच आकडे असतात हो, वहीच्या एका पानावर मावतं.

मॅथ्सला घाबरायचं कारण नाही, फर्स्ट इयरला मॅट्रिक्स झालेलं असतंच. दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सने दोन आकड्यांच्या व्हेक्टरला गुणायचं, वर्ग करून बेरीज १ येते का बघायचं, आणि वजा चिन्ह जपायचं. बस. कॉम्प्लेक्स नंबर पहिल्या दिवशी नाही काढले तरी चालतं, वजा आणि अधिक एवढ्यावर पहिला दिवस सहज निघतो. ब्लॉख स्फिअर (क्युबिटची अवस्था गोलावरच्या बाणाने दाखवणारं चित्र) दाखवा, पण अर्धा तास, कारण ते एका क्युबिटसाठी छान आहे आणि दोन क्युबिट गुंतले की कामाचं राहत नाही, आणि पोरं मात्र तेच चित्र डोक्यात धरून बसतात.

पहिलं सेशन इंटरफेरन्सचं, म्हणजे दोन वाटा एकमेकींत मिळून वाढतात किंवा खोडल्या जातात त्याचं. इतिहास नको, श्रोडिंगरचं मांजर नको, थेट फळ्यावर या. एक क्युबिट, शून्यात. एच गेट लावला की दोन ॲम्प्लिट्यूड (ज्यांचा वर्ग म्हणजे ते उत्तर मिळायची शक्यता) होतात, ०.७०७ आणि ०.७०७, वर्ग केला की ५० टक्के आणि ५० टक्के. इथपर्यंत सगळे हो म्हणतात. आता विचारा, अजून एक एच लावला तर काय येईल? वर्गातले बरेच जण म्हणतात ५०-५०च राहणार, आधीच रँडम झालंय त्याला अजून रँडम काय करणार. त्यांना ते कागदावर लिहू द्या, खोडू देऊ नका. मग फळ्यावर करा: शून्याकडे येणाऱ्या दोन वाटा, दोन्ही अधिक अर्धा, बेरीज १. एककडे येणाऱ्या दोन वाटा, एक अधिक अर्धा आणि एक वजा अर्धा (एकवरून एककडे जाताना एच वजा चिन्ह लावतो), बेरीज ०. म्हणजे १००० शॉट्स मारा (तेच सर्किट १००० वेळा चालवा), १०००च्या १००० वेळा शून्य. मग रन करा आणि दाखवा. त्यानंतर दोन एचच्या मधे झेड गेट टाका, जो मधल्या टक्केवारीला हातसुद्धा लावत नाही, फक्त एका ॲम्प्लिट्यूडचं चिन्ह बदलतो, आणि आता १०००च्या १००० वेळा एक येतो. आणि मग तिसरं, झेड काढून मधे मेजरमेंट (म्हणजे शून्य की एक ते बघणं) टाका, आता मात्र परत ५०-५०. ही तीन सर्किट्स एका ओळीत दाखवली आणि पोरांनी तिन्हीचा अंदाज आधी लिहिला असेल ना, तर क्वांटम म्हणजे नुसती नाणेफेक नाही हे त्यांना आयुष्यभर सांगावं लागत नाही. या तीन सर्किट्सना मी दीड तास देतो, तुम्हीपण द्या, घाई करू नका.

दुसरी गोष्ट जी पहिल्या दिवशीच मुळापासून काढायला हवी ती म्हणजे 'क्वांटम कम्प्युटर सगळी उत्तरं एकदम तपासतो आणि बरोबर ते देतो'. हे वाक्य सगळीकडे फिरत असतं, पोरं तेच घेऊन येतात आणि प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवर टाकतात. याला उत्तर ग्रोव्हरचं शोधायचं अल्गोरिदम, १९९६चं, आणि ते तीन क्युबिटवर हाताने करायचं. आठ खोके आहेत, एकात खूण आहे. सगळ्या क्युबिटवर एच लावला की आठही ॲम्प्लिट्यूड ०.३५४. लगेच मेजर केलं तर खुणेचा खोका मिळायची शक्यता आठात एक, म्हणजे १२.५ टक्के, साध्या नशिबाएवढीच, काही फायदा नाही. 'सगळं एकदम' असून फायदा शून्य, हे पोरांना इथे स्वतः मोजून कळू द्या. आता खुणेच्या खोक्याचं चिन्ह उलटं करा, वजा ०.३५४. आठांची सरासरी काढा, ०.२६५ येते. आता प्रत्येक आकडा सरासरीच्या पलीकडे उलटवा, म्हणजे दुप्पट सरासरी वजा तो आकडा. सात जणांचे ०.१७७ झाले आणि खुणेवाल्याचा ०.८८४. वर्ग करा, ७८ टक्के. पुन्हा एक फेरी, ९४.५ टक्के. आणि मग विचारा, अजून एक फेरी मारली तर? सगळे म्हणणार ९९. करायला लावा. ३३ टक्के येतात. म्हणजे फेऱ्या जास्त झाल्या की उत्तर हातातून निसटतं, कुठे थांबायचं ते आधी मोजावं लागतं, साधारण पाय (π) भागिले ४ गुणिले एन चं वर्गमूळ (एन म्हणजे खोक्यांची संख्या). हे गणित कॅल्क्युलेटर घेऊन, जोडीजोडीने, पंचवीस मिनिटांत होतं आणि माझ्या अनुभवात दोन दिवसांतला सगळ्यात मोलाचा वेळ हाच असतो, कारण यात पोरांना एकाच वेळी कळतं की फायदा कुठून येतो आणि तो किती आहे: वर्गमूळाएवढा, जादूएवढा नाही. दहा लाख नोंदींत हजारच्या पट्टीत फेऱ्या, नेमकं म्हणाल तर ७८५च्या आसपास.

एंटँगलमेंटला (दोन क्युबिट गुंतवायला) एच आणि सीनॉट (पहिला क्युबिट एक असेल तरच दुसरा उलटवणारा गेट), ०० आणि ११ निम्मे निम्मे, हे सगळेच दाखवतात. पण इथे एखादी चलाख पोरगी हात वर करणारच, सर एक नाणं टाकायचं आणि दोघांना तोच निकाल लिहून द्यायचा, तरीपण ०० आणि ११च येणार की, मग यात क्वांटम काय? हा प्रश्न नाही आला तर तुम्हीच विचारा. उत्तर प्रयोगाने द्या. मेजर करायच्या आधी दोन्ही क्युबिटवर एकेक एच लावा. खऱ्या एंटँगल्ड जोडीत पुन्हा ०० आणि ११च येतात. नाणं टाकून बनवलेल्या जोडीत, म्हणजे रँडमली कधी दोन्ही शून्य आणि कधी दोन्ही एक असं तयार करून एच लावले तर, चारही उत्तरं २५-२५ टक्के. फरक डोळ्यासमोर, पाच ओळींच्या कोडमध्ये. आणि याच वेळी सांगून टाका की यातून मेसेज पाठवता येत नाही, एकट्या बाजूला बघणाऱ्याला नेहमी ५०-५०च दिसतं, नाहीतर प्रकाशापेक्षा वेगवान व्हॉट्सॲप बनवणारी एक टीम तुमच्याकडे येईलच.

टूल कुठलं म्हणाल तर नवीन पोरांसाठी क्विसकिट (आयबीएमची पायथन लायब्ररी) घ्या, पायथन सगळ्यांना येतं, मटेरियल भरपूर आहे. पेनीलेनपण चांगलं आहे, मशीन लर्निंगकडे जाणाऱ्यांना ते सोपं पडतं, पण साठ पोरांत दोन टूल्स नको, मेंटॉर पुरत नाहीत. आणि पहिल्या दिवशी दुपारपर्यंत कोड उघडूच नका, ब्राउझरमध्ये गेट ओढून टाकायचं क्वर्क नावाचं सिम्युलेटर आहे, इन्स्टॉल काही करावं लागत नाही, गेट टाकला की लगेच बदल दिसतो, अंदाज आणि निकाल ताडून बघायला त्याच्याएवढं सोयीचं काही नाही.

क्विसकिटची एक गोष्ट मात्र आधीच निस्तरून ठेवा नाहीतर अर्धा दिवस जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये १.० व्हर्जन आलं तेव्हा बऱ्याच जुन्या गोष्टी काढून टाकल्या, एक्झिक्यूट नावाचं फंक्शन गेलं, एअर सिम्युलेटर वेगळ्या पॅकेजमध्ये गेला, नंतर २०२५ मध्ये २.० आलं. पण नेटवरचे निम्मे ट्युटोरियल आणि व्हिडिओ त्याच्या आधीचे आहेत, आणि एआयला कोड लिहायला सांगितला तर तोसुद्धा बऱ्याचदा जुनाच लिहून देतो, मग पहिल्याच ओळीला इम्पोर्ट एरर आणि पोरांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. तर एक व्हर्जन ठरवा, तुमच्या सगळ्या नोटबुक्स त्याच व्हर्जनवर स्वतः चालवून बघा, रिक्वायरमेंट्सची फाइल करून आठवडाभर आधी ग्रुपवर टाका आणि लॅबच्या मशीनवर आदल्या दिवशी इन्स्टॉल करून ठेवा. सकाळी साठ जणांनी एकदम पिप इन्स्टॉल मारलं की कुठल्याही कॉलेजचं वायफाय बसतं.

आणि बिटचा क्रम! क्विसकिटमध्ये शून्य नंबरचा क्युबिट उत्तरात सगळ्यात उजवीकडे छापतात. तीन क्युबिट, शून्य नंबरवर एक्स गेट (शून्याचा एक करणारा), उत्तर ००१ येतं आणि पोरं १०० लिहून बसतात. सममित सर्किटमध्ये ही चूक दिसतच नाही, नेमकी प्रोजेक्टमध्ये येऊन बसते. म्हणून पहिल्याच कोडिंग सेशनला हाच सराव द्या, कुठल्याही एका क्युबिटवर एक्स लावा आणि काय छापलं जाईल ते आधी लिहा.

लॅबच्या मशीनचा प्रश्न सारखा येतो म्हणून सांगतो, जीपीयू वगैरे काही लागत नाही. पूर्ण स्थिती ठेवायला २ चा एन वा घात एवढे आकडे, प्रत्येकी १६ बाइट. २० क्युबिटला १६ एमबी, २८ला ४ जीबी, ३०ला १६ जीबी, पुढे प्रत्येक क्युबिटला दुप्पट. ८ जीबी रॅमच्या साध्या पीसीवर २०-२२ क्युबिट आरामात, आणि हॅकेथॉनच्या प्रोजेक्टला १० पुरतात. हा हिशेब पोरांकडूनच करून घ्या, क्वांटम मशीनची गरज का पडते हे त्याच गणितात आहे.

काय सोडायचं तेही सांगतो. शोरचं अल्गोरिदम दोन दिवसांत शिकवायला जाऊ नका, क्वांटम फूरिए ट्रान्सफॉर्मशिवाय ते अर्धवट राहतं. एवढंच सांगा की १९९४ मध्ये ते आलं, मोठ्या संख्येचे अवयव पाडायचं काम त्याने सोपं होतं म्हणून आरएसए हे नेहमीचं एन्क्रिप्शन धोक्यात, पण २०४८ बिटची आरएसए फोडायला २०१९च्या अंदाजात २ कोटी गोंगाटवाले (चुका करणारे) क्युबिट लागत होते आणि २०२५च्या अंदाजात तेच दहा लाखांच्या आत आलेत, आजच्या मशीन त्याच्या खूप खाली आहेत, आणि तरीसुद्धा अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये पोस्ट क्वांटम क्रिप्टोग्राफीची (क्वांटम मशीनपुढे टिकेल अशा एन्क्रिप्शनची) पहिली स्टँडर्ड्स काढली कारण आज चोरून ठेवलेला डेटा उद्या उघडता येतो. केंद्र सरकारच्या नॅशनल क्वांटम मिशनबद्दल पोरं विचारतीलच, एप्रिल २०२३ मध्ये मान्यता, सुमारे ६००३ कोटी रुपये, २०३०-३१ पर्यंत, कम्प्युटिंगचं हब बेंगळुरूच्या आयआयएससीत, सेन्सिंगचं आयआयटी मुंबईत, आणि पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेतही क्वांटमचं तंत्रज्ञान केंद्र आहे. उद्घाटनाला जे पाहुणे बोलतील त्यांना हा भाग द्या म्हणजे तुमचा वेळ शिकवायला राहील.

आता प्रोजेक्टचं. नाशिकला क्वांटमचा ट्रॅक ठेवला की दोन विषय हमखास येतात, लासलगावच्या कांद्याचे भाव क्वांटम मशीन लर्निंगने सांगायचे, आणि २०२७च्या सिंहस्थातली गर्दी नाहीतर बसचे रूट क्वांटमने सोडवायचे. दोन्ही पोटतिडकीने निवडलेले असतात, घरचा कांदा भावाअभावी सडलेला पाहिलेली पोरं आहेत ही, त्यामुळे नुसतं नको म्हणून चालत नाही, का ते समजावून सांगायला हवं.

कांद्याचा भाव पाऊस, निर्यातीचे निर्णय, साठवण, आवक यावर हलतो. हा सगळा डेटा क्युबिटमध्ये भरायलाच एवढे गेट लागतात की सुरुवातीलाच फायदा संपतो, आणि चार-सहा क्युबिटचं क्वांटम न्यूरल नेटवर्क साध्या रिग्रेशनपुढे सहसा टिकत नाही. क्युबिट वाढवायला गेलं की ग्रेडियंट (कुठल्या दिशेने सुधारायचं ते सांगणारे उतार) जवळपास शून्य होतात आणि ट्रेनिंग जागेवर थांबतं, याला बॅरन प्लॅटो म्हणतात, २०१८ पासून चांगलं अभ्यासलेलं आहे. टीमला तेच करायचं असेल तर एक अट घाला, त्याच डेटावर साधं रिग्रेशन आधी चालवा आणि दोन्ही आकडे एकाच तक्त्यात दाखवा. एवढ्याने निम्म्या टीम स्वतःहून विषय बदलतात, आणि ज्या बदलत नाहीत त्या खरंच काहीतरी शिकतात.

रूटचं गणित वेगळं आहे. ठिकाणं पाच, प्रत्येक ठिकाण कितव्या नंबरला यासाठी एकेक क्युबिट, म्हणजे २५, पहिलं ठिकाण ठरवून टाकलं तरी १६. वर 'एका वेळी एकच ठिकाण' ही अट पेनल्टीने (अट मोडणाऱ्या उत्तराला दंड लावून) लादायची, ते वजन कमीजास्त झालं की मशीन असले रूट देते ज्यात एकाच जागी दोनदा जायचंय आणि दुसरीकडे जायचंच नाही. ३६ तासांत यातून बाहेर पडणं अवघड. त्यापेक्षा मी पोरांना मॅक्स-कटकडे वळवतो. समजा घाटावर सहा वायरलेस पोस्ट आहेत, रामकुंड, गौरी पटांगण, लक्ष्मीनारायण घाट, टाळकुटेश्वर, गाडगे महाराज पूल आणि तपोवन, आणि चॅनल दोनच आहेत. ज्या पोस्ट एकमेकींना त्रास देतात त्यांच्यात रेघ काढायची, आणि जास्तीत जास्त रेघांची दोन टोकं वेगवेगळ्या चॅनलवर जातील असं वाटप करायचं. सहा पोस्ट म्हणजे सहा क्युबिट, पेनल्टी काही नाही, प्रत्येक उत्तर वैधच. यावर क्यूएओए चालवायचं, अशाच वाटपाच्या प्रश्नांसाठीचं २०१४चं अल्गोरिदम आहे, एका थरात फक्त दोन कोन (म्हणजे कमीजास्त करून बघायचे दोन आकडे), त्या दोन कोनांचा पूर्ण ग्रिड चालवून रंगीत नकाशा काढता येतो, आणि पोरांना दिसतं की कुठल्या कोनाला उत्तर सुधारतं. एकूण वाटप ६४च आहेत, साधा फॉर लूप डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळी तपासतो, आणि टीमने हे स्वतः स्लाइडवर लिहावं असा माझा आग्रह असतो, म्हणजे 'आमचं क्वांटम फास्ट आहे' असं म्हणायची वेळ येत नाही आणि तरी प्रश्न क्वांटमच्या भाषेत मांडायचं खरं कौशल्य पोरांना येतं. तीन पोस्ट एकमेकींना लागून त्रिकोण झाला तर तिन्ही रेघा कधीच सुटत नाहीत, जास्तीत जास्त दोन, हा अंदाज आधी लिहिला असेल तर क्यूएओए नीट चाललंय का तेही लगेच कळतं.

पण मला विचाराल तर नाशिकसाठी सगळ्यात सुंदर प्रोजेक्ट तिसराच आहे, क्वांटम नोटांचा. नाशिकरोडला आपली करन्सी नोट प्रेस, कितीतरी घरांत आजोबा किंवा वडील प्रेसमध्ये होते, नोटेची नक्कल होऊ नये म्हणून काय काय करतात याच्या गोष्टी पोरांनी जेवताना ऐकलेल्या असतात. आणि क्वांटम माहितीशास्त्राच्या सगळ्यात जुन्या कल्पनांपैकी एक नेमकी नोटांचीच आहे: स्टीफन विझनरने १९६०च्या दशकाच्या शेवटी मांडलेली, छापून यायला १९८३ उजाडलं, आणि तिच्यातूनच पुढे बेनेट आणि ब्रासार्डचं १९८४चं बीबी८४ (गुप्त किल्ली पाठवायची क्वांटम पद्धत) निघालं. कल्पना अशी की नोटेवर सिरियल नंबरसोबत काही क्युबिट असतील, प्रत्येक क्युबिट चारपैकी एका अवस्थेत, शून्य, एक, किंवा त्यांच्यावर एच लावून येणाऱ्या दोन. कुठल्या क्युबिटला एच लावलाय आणि कुठल्याला नाही हे फक्त बँकेला माहीत. नक्कल करणाऱ्याला ते माहीत नाही, अनोळखी अवस्थेची कॉपी काढता येत नाही हे १९८२ मध्येच सिद्ध झालंय, म्हणून तो अंदाजाने मेजर करून तसाच नवा क्युबिट बनवणार. निम्म्या वेळा त्याचा अंदाज बरोबर, तेव्हा तो सुटतो, निम्म्या वेळा चूक, तेव्हाही बँकेच्या तपासणीत निम्मे सुटतात. एकूण एका क्युबिटला ७५ टक्के. १० क्युबिटच्या नोटेला ५.६ टक्के, २०च्या नोटेला ०.३ टक्के.

हे प्रोजेक्ट मला एवढं का आवडतं, कारण एकेकट्या क्युबिटची सर्किट्स आहेत, सेकंड इयरच्या पोराला पूर्ण समजतात, अंदाज सूत्राने आधी लिहिता येतो, सिम्युलेशनचा ग्राफ त्यावर बसतो का ते बघता येतं, आणि खऱ्या मशीनवर नेलं की खरा प्रश्न उभा राहतो. खरी नोटसुद्धा मशीनवर १०० टक्के पास होत नाही, मेजरमेंटमध्येच टक्का-दोन टक्के चूक असते. मग बँकेने किती चुका माफ करायच्या? खऱ्या नोटेत दोनेक टक्के चूक, बनावट नोटेत २५ टक्के, तर मधे रेघ कुठे ओढायची आणि त्यासाठी नोटेवर किती क्युबिट हवेत? यावर टीम बारा तास मनापासून काम करू शकते आणि शेवटी दाखवायला स्वतःचा ग्राफ असतो. सोबत मर्यादाही लिहायला सांगा, आजच्या सुपरकंडक्टिंग क्युबिटची अवस्था सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याआधीच विस्कटते, पाकिटात ठेवायची नोट त्यातून होत नाही.

खऱ्या मशीनबद्दल थोडं. आयबीएमने २०१६ पासून क्लाउडवर मशीन खुली केली आहेत, फुकटच्या प्लॅनमध्ये महिन्याला दहा मिनिटांच्या आसपास मशीनचा वेळ मिळतो, अटी बदलत राहतात म्हणून ट्रेनिंगच्या आदल्या आठवड्यात एकदा त्यांच्या साइटवर बघून घ्या. दहा मिनिटं छोट्या सर्किटला भरपूर आहेत, पण क्यूएओएचे कोन शोधायचा लूप मशीनवर सोडला की संपतात. नियम ठेवा: कोन सिम्युलेटरवर शोधायचे आणि शेवटचं एक सर्किट मशीनवर. पाठवायच्या आधी ट्रान्सपाइल (सर्किट त्या मशीनच्या गेटमध्ये बदलणं) करावंच लागतं, आणि ते झाल्यावर दोन क्युबिटचे गेट किती झाले ते मोजायला लावा. गेटमागे अर्धा टक्का चूक धरली तर २०० गेटनंतर ०.९९५ चा २०० वा घात, म्हणजे साधारण ३७ टक्के वेळाच सगळं विनाचूक. हे कळलं की पोरं आपोआप सर्किट छोटं करायला लागतात. रांग किती असेल सांगता येत नाही, त्यामुळे मशीनवरचे जॉब पहिल्याच रात्री टाकायचे, जॉबचा आयडी आणि निकाल फाइलमध्ये साठवायचा, डेमोच्या वेळी लाइव्ह रनवर विसंबायचं नाही.

टीम चौघांची ठेवा आणि त्यात किमान एकाला गणिताची आवड हवी, बाकी कोणी कोडिंगवालं, कोणी मांडणारं असलं की झालं. ईएनटीसीची पोरं वाटून टाका, त्यांना सिग्नलमुळे फेज (आपलं ते अधिक-वजा चिन्ह त्यातूनच येतं) म्हणजे काय हे आधीपासून कळलेलं असतं, ती इतरांना मराठीत पटकन समजावतात. मेंटॉर कमी असतील तर थर्ड इयरच्या आठ-दहा जणांना आठवडाभर आधी हेच सगळं शिकवून तयार करा, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तेच टेबलाटेबलावर फिरतील आणि तुम्ही मोकळ्या राहाल.

दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ नवीन विषयाला नको, प्रत्येक टीमला एक पान द्या: प्रश्न काय, क्युबिट किती, सगळ्यात छोट्या केसचं उत्तर काय येणार, साध्या पद्धतीने तोच प्रश्न कसा सुटतो. हे पान भरल्याशिवाय हॅकेथॉनला कोड सुरू करू देऊ नका. जजना पण तेच पान आधी द्या, आणि त्यांना सांगा की स्लाइड संपल्यावर टीममधल्या सगळ्यात गप्प मेंबरला सर्किटमधल्या कुठल्याही एका गेटवर बोट ठेवून विचारायचं, हा काढला तर हिस्टोग्राम कसा बदलेल. कोड एआयने लिहिला असेल तरी हरकत नाही, या प्रश्नाचं उत्तर आलं पाहिजे, आणि गुणांत त्याला निदान तिसरा हिस्सा ठेवा.